ओलोंगा शारजात संपत नाही

यूट्यूबवर हेन्री ओलोंगाचं नाव टाका, आधी शारजा येतं. नोव्हेंबर १९९८. साखळी सामन्यात त्याच्या उसळत्या चेंडूवर सचिन बाद होतो आणि दोनच दिवसांनी फायनलमध्ये ९२ चेंडूंत नाबाद १२४ ठोकतो. ओलोंगा: ६ षटकं, ५० धावा, बळी शून्य. क्लिप संपते. माझ्या वयाच्या मुलांनी हा सामना लाइव्ह पाहिलेला नाही, आम्ही क्लिपवरच वाढलो. त्यामुळे ओलोंगा म्हणजे सचिनच्या वाटेला गेला आणि तोंडावर आपटला, एवढंच आम्हाला ठाऊक.

खेळी अफाटच आहे, तिच्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप आहे तो तिच्यावर आपण रचलेल्या बोधकथेला: डिवचलं, धडा मिळाला, खेळ खलास. सहा महिन्यांनी, १९ मे १९९९ रोजी लेस्टरला जे झालं ते या कथेत बसत नाही. विश्वचषकाचा सामना. भारताला शेवटच्या २ षटकांत ९ धावा हव्या होत्या आणि ३ गडी हातात होते. ओलोंगानं एकाच षटकात तिघांनाही परत पाठवलं. झिम्बाब्वे ३ धावांनी जिंकलं. वडील, म्हणजे कवी आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर, गेल्यामुळे सचिन त्या सामन्यात नव्हता. आपण ही गोष्ट सांगताना तिथून थेट त्याच्या केनियाविरुद्धच्या शतकावर जातो. मधलं ते षटक कुणी सांगत नाही.

आकड्यांत ओलोंगा महान नव्हता. ३० कसोटींत ६८ बळी, ५० वनडेंत ५८. वेग होता, दिशा कधी असायची, कधी नसायची. १९९५ मध्ये हरारेत पाकिस्तानविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला तेव्हा १८ वर्षांचा होता. झिम्बाब्वेकडून कसोटी खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्याच सामन्यात चेंडू फेकतो म्हणून त्याला नो-बॉल दिला गेला आणि पुढं सगळी ॲक्शन नव्यानं बसवावी लागली.

१० फेब्रुवारी २००३. हरारेत नामिबियाविरुद्ध विश्वचषकाचा सामना. ओलोंगा आणि अँडी फ्लॉवर दंडाला काळी पट्टी बांधून मैदानात आले. देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा हा शोक आहे, असं निवेदन त्यांनी आधीच पत्रकारांना दिलं होतं. रॉबर्ट मुगाबेंच्या राजवटीत, तिच्याच राजधानीत.

या प्रसंगावर कौतुकानं लिहिणारेही पुष्कळ आहेत, पण त्यांच्या लिखाणात दोघांचं धाडस एकाच मापानं मोजलेलं असतं. ते मला पटत नाही. फ्लॉवर ३४ वर्षांचा होता, जगातल्या उत्तम फलंदाजांपैकी एक. पुढं तो इंग्लंडचा प्रशिक्षक झाला. ओलोंगा २६ वर्षांचा होता, वेगवान गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं. त्याला धमक्या आल्या, देश सोडावा लागला, आंतरराष्ट्रीय क्रिकेट तिथंच थांबलं. शिवाय, विरोध म्हणजे गोऱ्यांची कुरकुर, असं म्हणून मोकळं होणं मुगाबेंच्या सरकारला सोपं होतं. पट्टी एका काळ्या दंडावरही दिसल्यावर ते अवघड झालं. म्हणूनच त्याच्यावर राग जास्त असणार.

नंतर तो बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहिला. २०१० मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. मग तो ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला गेला. २०१९ मध्ये ‘द व्हॉइस’च्या मंचावर तो गायला आणि व्हायरल झाला. बातम्यांचा सूर एकच: बघा, क्रिकेटर कसा गातोय! पण गाणं त्याला क्रिकेट सुटल्यावर सुचलेलं नव्हतं. २००१ मध्येच त्याचं ‘अवर झिम्बाब्वे’ हे गाणं देशात गाजलं होतं.

मला त्याच्या आयुष्यातली ही जोडी सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००१ मध्ये देशावर प्रेमाचं गाणं, २००३ मध्ये दंडावर काळी पट्टी. आपल्याकडे खेळाडूनं पहिलं केलं की टाळ्या, दुसरं केलं की ‘तू खेळाकडे लक्ष दे’. ओलोंगाच्या हिशेबात ही दोन्ही कामं एकाच माणसाची होती, आणि दुसऱ्याचं बिल त्यानं एकट्यानं भरलं. शारजाची क्लिप पुन्हा बघायला हरकत नाही. मीही बघतो. फक्त त्यानंतर लेस्टरचं ते षटकही शोधा, आणि मग हरारेचा फोटो.