जंतनाशक गोळी आणि तिचा पुरावा : एक चिकित्सा

एडवर्ड मिगेल व मायकेल क्रेमर यांचा जंतविषयक शोधनिबंध २००४ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केनियातील बुसिया येथील ७५ शाळांवर तो आधारित आहे. जंतनाशक औषध दिल्याने मुलांची अनुपस्थिती सुमारे एक-चतुर्थांशाने घटली, असा त्याचा निष्कर्ष होता. परीक्षेतील गुणांत मात्र सुधारणा आढळली नव्हती. जंताची अंडी विष्ठेतून मातीत जातात. म्हणून एका मुलाच्या उपचाराचा लाभ शेजारच्या मुलासही होतो, हे लक्षात घेऊन संपूर्ण शाळा हा एकक मानणे, हे या निबंधाचे खरे योगदान होय.

तथापि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्विश्लेषणात मूळ आकडेमोडीतील चुका दाखविण्यात आल्या. दूरच्या शाळांनाही लाभ झाल्याचा दावा त्यात टिकला नाही. उपस्थितीवरील परिणाम बहुतांशी टिकला, परंतु त्याच्या अर्थाविषयी मतभेद कायम राहिले.

याहून महत्त्वाचा मुद्दा औषधांचा आहे. केनियात आतड्यातील जंतांसाठी अल्बेंडाझोल देण्यात आले. त्याखेरीज शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांतील कृमीचे प्रमाण अधिक असलेल्या शाळांत प्राझिक्वांटेलही देण्यात आले. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवीसारखा अपवाद वगळता भारतात शिस्टोसोमाची बाधा जवळजवळ आढळलेली नाही. त्यामुळे दोन औषधांचे श्रेय एका गोळीस देणे तर्कसंगत ठरत नाही.

उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लक्ष बालकांवर झालेल्या 'देवता' चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यूंत वा वजनात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. तेथील बाधा सौम्य होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. असे असताना २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटास ही गोळी दिली जाऊ लागली.

याचा अर्थ गोळी निरुपयोगी आहे असा नव्हे. बाधित बालकास जंतमुक्त करणे हे तिचे कार्य असून तेवढे समर्थन तिला पुरेसे आहे. परंतु ती मातीतील अंडी नष्ट करीत नाही. शौचालय, पादत्राणे व हात धुण्याची सोय नसेल तर बाधा पुन्हा होते. म्हणून मोहिमेचे यश वाटलेल्या गोळ्यांच्या संख्येवरून न मोजता विष्ठातपासणीत आढळणाऱ्या बाधेच्या प्रमाणावरून मोजणे आवश्यक आहे. अन्यथा परक्या भूमीतील, वादग्रस्त पुराव्याच्या आधारावर येथील स्वच्छतेचा प्रश्न सुटल्याचा आभास तेवढा निर्माण होईल.