कागद गेला, साक्ष कुठे गेली?

संयोजकांनी हा विषय दिला तेव्हा मी म्हटलं, अहो, तत्त्वज्ञानाच्या माणसाला संगणकीय अभिलेखांवर काय बोलायला लावता? ते म्हणाले, सर, सॉफ्टवेअरचे फायदे सांगणारे पुष्कळ मिळतात, शंका काढणारा हवा आहे. (हशा) शंका काढणं हा आमचा जुनाच उद्योग. तेव्हा आलो.

एका हकिकतीपासून सुरुवात करतो. निवृत्तीनंतर मी एका शिक्षणसंस्थेच्या कामात लक्ष घालत होतो. नाव घेत नाही. तिथे सगळं जुनं दप्तर स्कॅन करायचं ठरलं. कंत्राट दिलं ते दर पानामागे इतके पैसे, या हिशेबानं. चार महिन्यांत कपाटं रिकामी झाली, कागद रद्दीत गेले. 'पेपरलेस' झाल्याचा छोटा समारंभ झाला, त्यात मीही टाळ्या वाजवल्या.

पुढे दीड वर्षानं आमच्याकडचे एक शिपाई, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, निवृत्त झाले. पेन्शनच्या प्रकरणात त्यांची पहिली सहा वर्षं धरेनात. सेवापुस्तकात नोंद होती, पण वरच्या कार्यालयानं नेमणुकीच्या मान्यतेचं मूळ पत्र मागितलं. पीडीएफ उघडली. पुढच्या बाजूला प्रस्ताव होता. मान्यतेचा शेरा, सही आणि शिक्का होता पाठीमागे. आणि स्कॅन फक्त पुढच्या बाजूचं झालं होतं.

मामा माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, मी तेव्हा कामावर होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" मला ठाऊक होतं. संस्थेला ठाऊक नव्हतं! शेवटी वरच्या कार्यालयाच्या जुन्या जावक नोंदवहीत त्या पत्राचा क्रमांक सापडला, म्हणून प्रकरण मार्गी लागलं. चौदा महिने गेले.

यात चूक कोणाची? स्कॅनिंग करणाऱ्या मुलांची नाही. त्यांना पानं मोजायला सांगितली होती, त्यांनी मोजली. चूक आमच्या कल्पनेत होती. आम्ही अभिलेखाला 'माहिती' समजलो. आणि एक लक्षात घ्या, कागद फाटला तर फाटलेला दिसतो. पीडीएफमध्ये काय नाही, ते पीडीएफकडे बघून कळत नाही. ती पूर्णच वाटते.

न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कोणाचंही बोलणं नव्हे, आप्ताचं, म्हणजे ज्याच्यावर विसंबता येईल अशाचं बोलणं. संस्थेला डोळे नसतात, आठवण नसते. तीस वर्षांपूर्वी काय ठरलं हे तिला एकाच मार्गानं कळतं, शब्दप्रमाणानं. म्हणून कोण म्हणालं, कोणत्या अधिकारानं, केव्हा, आणि ते नंतर कोणी बदललं नाही ना, हे सगळं सोबत आलं तरच तो अभिलेख. नाहीतर ते नुसतं चित्र.

हे मी नवं सांगत नाहीये. अभिलेख व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५४८९, पहिल्यांदा २००१ मध्ये आलं, २०१६ मध्ये सुधारलं. ते अभिलेखाकडून चार गुण मागतं: अस्सलपणा, विश्वासार्हता, अखंडता आणि वापरयोग्यता. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७ सुद्धा म्हणतं की इलेक्ट्रॉनिक नोंद पुढेही वापरता आली पाहिजे, आणि ती कुठून आली, कुठे गेली, केव्हा, हे ओळखता आलं पाहिजे. कायदा इतकं मागतो, आणि आपण स्कॅनर विकत घेऊन मोकळे होतो.

गैरसमज नको. मी कागदाचा भक्त नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा कागदावर विसंबणं म्हणजे काय ते आपण पाहिलं. कागदी नस्तीत मागची तारीख टाकून टिपणी घुसवता येते. चांगल्या ई-ऑफिस प्रणालीत प्रत्येक टिपणीला नाव आणि वेळ चिकटते. म्हणजे इलेक्ट्रॉनिक अभिलेख कागदापेक्षा चांगला साक्षीदार होऊ शकतो. माझी तक्रार आहे ती आपण तो होऊ देत नाही याबद्दल. तीन मुद्दे सांगतो.

पहिला. नस्तीत एकीकडे टिपण्या असतात, एकीकडे पत्रव्यवहार. त्या क्रमातच अर्थ असतो: कोणी हरकत घेतली, कोणी ती ओलांडली. स्कॅन करताना हा क्रम मोडतो आणि उरतं काय, तर 'स्कॅन००४७'. नव्या कामात तर चर्चा व्हॉट्सॲपवर होते, निर्णय फोनवर होतो आणि प्रणालीत चढतो तो फक्त शेवटचा आदेश. आदेश राहतो, कारण हरवतं.

दुसरा. आपल्या सरकारी कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी जुनी आहे. 'अ' कायम ठेवायचा, 'ड' लवकर नष्ट करायचा. त्यासाठी कोणीतरी प्रत्येक कागद वाचून ठरवायचं असतं. आता जागा स्वस्त, म्हणून सगळंच ठेवा! मग हवं ते सापडत नाही. जपायचं तर निवडावं लागतं, आणि निवडायला जाणता माणूस लागतो. दर पानाच्या कंत्राटात त्याचा पगार धरलेला नसतो.

तिसरा मुद्दा आपल्या मराठीचा. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद टिकले, पण मोडी शाळेतून गेली आणि ते वाचणारे मूठभर उरले. आता युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधली तुमची एखादी फाइल उघडून पाहा. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर नुसती अगम्य चिन्हं दिसतील. मोडी परकी व्हायला काही पिढ्या लागल्या, इथे वीस-पंचवीस वर्षं पुरली. नवी प्रणाली आणताना किती जण विचारतात, की ही बंद पडली तर आमचं दप्तर दुसरीकडे नेता येईल का?

मग करायचं काय? उपाय आपल्याच गावात आहे. संगणकावरचा सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे तपासायला गावोगावी चावडीवाचन झालं. उतारे लोकांसमोर वाचायचे, ज्याची जमीन त्यानं सांगायचं, हे चुकलंय. तिथेही सगळ्या चुका निघाल्या असं नाही. पण तत्त्व बरोबर आहे. ज्याचं काही पणाला लागलेलं आहे, त्याला विचारल्याशिवाय मूळ कागद हलवायचा नाही.

आमच्या संस्थेत रद्दीवाला येण्याआधी आठवडाभर असं वाचन झालं असतं, प्रत्येकाला त्याच्या फाइलची पीडीएफ दाखवली असती, तर मामांनी एका मिनिटात विचारलं असतं, "मागचं पान कुठंय?" आम्ही तज्ज्ञांना विचारलं, विक्रेत्याला विचारलं, मामांना विचारलं नाही. ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.