टेस्ट खोटं बोलत नाही : ‘फक्त विंडोजवरच फेल होते’ या सबबीविषयी

आजचा विषय तसा रुक्ष आहे, पण आपल्यापैकी जे कोड लिहितात त्यांच्या रोजच्या जेवणातला खडा आहे. एकच टेस्ट, एकच कोड. लिनक्सवर पास, मॅकवर पास, विंडोजवर फेल. अशा वेळी आपण काय करतो? मी माझ्यापासून सुरुवात करतो, कारण टीका करायची तर आधी स्वतःवर करावी.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका पतसंस्थेसाठी सभासदांची यादी आयात करणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. आम्ही मॅकवर काम करायचो, टेस्ट लिनक्सच्या सर्व्हरवर चालायच्या आणि संस्थेच्या शाखांमध्ये होतं विंडोज. एक टेस्ट विंडोजवर फेल व्हायला लागली. नमुन्याच्या फाइलमध्ये ‘पुणे’ हा शब्द होता, तो वाचताना प्रोग्रॅम कोसळायचा. गंमत अशी की आधीच्या नमुन्यात ‘नाशिक’ होतं, तेव्हा तक्रार नव्हती. मी काय केलं? न वाचता येणारे बाइट सोडून दे, असा एक पर्याय फाइल उघडताना लावला. टेस्ट फक्त ओळींची संख्या मोजत होती, ती जुळली. हिरवा दिवा लागला आणि आम्ही चहाला गेलो.

आता बघा, नेमकं काय झालं होतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये होती. त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते. कोणत्या संकेतानुसार वाचायचं हे आम्ही कोडमध्ये लिहिलंच नव्हतं, म्हणून पायथनने मशीनला विचारलं. लिनक्स आणि मॅक म्हणाले यूटीएफ-८. आपल्याकडचं इंग्रजी विंडोज म्हणालं १२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा जुना तक्ता. त्या तक्त्यात एका बाइटला एक अक्षर. पण २५६ पैकी पाच जागा रिकाम्या आहेत. ‘नाशिक’मधला एकही बाइट त्या रिकाम्या जागांवर पडत नाही. म्हणून तो शब्द बिनतक्रार वाचला गेला, फक्त पाच देवनागरी चिन्हांच्या जागी पंधरा निरर्थक चिन्हं आली. ‘पुणे’मधल्या ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट मात्र रिकाम्या जागेवर पडतो. हलन्ताचाही तसाच. ‘झ’ आणि ‘ए’ यांचंही तेच.

म्हणजे ‘पुणे’वर कोसळणारा प्रोग्रॅम खरं बोलत होता, आणि ‘नाशिक’ मुकाट्याने वाचणारा फसवत होता. मी खरं बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं.

पुढे शाखेत पासबुकं छापायला घेतली, तेव्हा नावांच्या जागी चिखल निघाला. नुसता चुकीच्या तक्त्याने वाचलेला मजकूर उलट दिशेने परत आणता येतो. पण मी बाइट टाकूनच दिले होते. उकाराचा आणि हलन्ताचा पहिला-दुसरा बाइट सारखाच, फरक फक्त तिसऱ्यात, आणि तोच गेलेला. कुलकर्णी या आडनावात दोन्ही आहेत. कुठे उकार होता, कुठे जोडाक्षर, हे यंत्राला कळायला मार्गच उरला नाही. आयात झाली की मूळ फाइल पुसायची, हीही आमचीच हुशारी. शेवटी संस्थेच्या दोन कारकुनांनी कागदी रजिस्टर उघडून नावं पुन्हा टाइप केली. चूक माझी, बोटं त्यांची दुखली.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी की ‘विंडोजवरच फेल होते’ हे वाक्य आपण निदान म्हणून वापरतो. ते निदान नाही, लक्षण आहे. ‘पावसाळ्यातच गळतं’ असं घरमालक म्हणतो तसं. छपराला भोक बारा महिने असतं.

या लक्षणावर आपल्या धंद्यात तीन औषधं सर्रास दिली जातात. तिन्हींवर माझा आक्षेप आहे, पण सारखाच नाही.

पहिलं औषध, टेस्ट वगळणे. ‘विंडोजवर स्किप’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. काही वेळा हे योग्यच असतं. युनिक्सच्या पद्धतीची फाइल-परवानगी तपासणारी टेस्ट विंडोजवर चालवण्यात अर्थ नाही, कारण ती गोष्टच तिथे तशी नाही. पण ‘इथे ही सोय नाही’ आणि ‘इथे का फेल होते ते मला कळलं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि कोडमध्ये दोन्हींवर एकच शिक्का बसतो. कळलं नसेल तर निदान ‘फेल होणं अपेक्षित’ असा शिक्का मारा, तोही कडक. पायटेस्टमध्ये ती सोय आहे. टेस्ट अचानक पास झाली तरी ती ओरडते. वगळलेली टेस्ट कधीच ओरडत नाही, आणि वर्षभराने ती का वगळली हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

दुसरं औषध, पुन्हा चालवणे. तीनदा चालवा, एकदा पास झाली की झालं. तक्त्याची चूक शंभर वेळा चालवली तरी शंभर वेळा फेल होईल, म्हणजे इथे हे औषध निदान निरुपयोगी ठरतं. घातक ठरतं ते घड्याळाच्या बाबतीत. विंडोजचं नेहमीचं घड्याळ सेकंदाला ६४ टिचक्या देतं, म्हणजे सुमारे १५.६ मिलिसेकंदांना एक. एकापाठोपाठ दोन नोंदी केल्या आणि ‘दुसरी नोंद नंतरची आहे’ असं तपासलं, तर दोन्हींवर एकच वेळ येऊ शकते. पुन्हा चालवली की कदाचित पास. पण ‘दोन नोंदींची वेळ कधीच सारखी नसते’ हे चुकीचं गृहीतक कोडमध्ये तसंच राहतं. हिशेबाच्या नोंदींचा क्रम जर त्यावर ठरत असेल, तर विचार करा.

तिसरं औषध, कंटेनर. सगळ्यांना एकसारखं लिनक्स द्या, भांडण मिटलं. तुमचा प्रोग्रॅम फक्त तुमच्याच सर्व्हरवर चालणार असेल तर हे औषध खरोखर लागू पडतं, मी नाकारत नाही. पण ग्राहकाच्या टेबलावर विंडोज असेल तर तुम्ही फक्त टेस्टची खोली बदललीत, ग्राहकाची नाही.

मग करायचं काय? शोधाची पद्धत सांगतो, तीन पायऱ्यांची.

एक, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बाइट छापा. आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘र’ अधिक नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था फाइलचं नाव साठवताना असं अक्षर फोडून ठेवायची. तुम्ही एका रूपात नाव दिलं आणि फोल्डरची यादी मागितली की दुसऱ्या रूपात परत यायचं. लिनक्समध्ये तर ती सरळ दोन वेगळी नावं. टेस्ट म्हणते ‘समान नाही’, आणि माणूस पडदा बघून म्हणतो ‘अहो, समानच तर आहे!’

दोन, फरक एकेक करून इकडे आणा. बग विंडोजवर आहे म्हणून विंडोजवरच बसून राहू नका. संशय तक्त्यावर आहे ना? मग लिनक्सवर मुद्दाम १२५२ सांगून तीच फाइल वाचा. तिथेही तसंच कोसळलं, तर दोषी सापडला, आणि तो विंडोज नव्हे. संशय फोल्डरमधल्या क्रमावर असेल तर यादी मुद्दाम उलटी करून द्या. फाइलींची यादी क्रमाने मिळेल असं वचन कुणी दिलेलं नसतं. विंडोजवर ती बहुधा क्रमाने येते, आणि आपण सवयीला वचन समजतो. बग हवा तेव्हा, हव्या त्या मशीनवर घडवता आला, तरच तो कळला असं म्हणावं.

तीन, दुरुस्ती गृहीतकाच्या जागी करा. फाइल उघडताना संकेत लिहा. यादी वापरण्याआधी क्रम लावा. नावं ताडण्याआधी एका रूपात आणा. उघडी फाइल पुसण्याआधी बंद करा, कारण युनिक्समध्ये ती उघडी असतानाही पुसता येते, विंडोज साधारणपणे अडवतं. आणि टेस्टमध्ये नुसत्या ओळी मोजू नका, नावं वाचा.

दोष एकट्या प्रोग्रॅमरचा नाही, हेही म्हटलं पाहिजे. न सांगता मशीनला विचारून ठरवणारे मूळ पर्याय हे भाषा बनवणाऱ्यांचं अपत्य आहे. त्यांनाही ते उमगलं. जावाने २०२२ मध्ये, १८व्या आवृत्तीत, यूटीएफ-८ हाच मूळ पर्याय केला. पायथनने त्यासाठी ३.१५ ही आवृत्ती ठरवली. पण आपल्या ग्राहकांकडे जुन्या आवृत्त्या अजून बरीच वर्षं राहतील.

तेव्हा उद्या एखादी टेस्ट एकाच मशीनवर फेल झाली, तर तिला खोडकर म्हणू नका. तुम्ही न लिहिलेलं एक वाक्य तिने वाचून दाखवलेलं असतं. आमच्या टेस्टने ते ‘पुणे’ या दोन अक्षरांत सांगितलं होतं. मी ऐकलं असतं, तर त्या दोन कारकुनांना रजिस्टर उघडावं लागलं नसतं.

आता प्रश्न घेऊ.