'मायनर' म्हणजे कशापेक्षा लहान?

माझ्या थिसिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'भंडारा जिल्ह्यातले मामा तलाव हे लघु जलस्रोत आहेत.' गाईडनी समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, 'कशापेक्षा?'

मामा म्हणजे माजी मालगुजारी. 'लघु' हा शब्द मी सरकारी वर्गीकरणातून उचलला होता. लागवडीयोग्य लाभक्षेत्र १०,००० हेक्टरांहून जास्त असेल तर प्रकल्प मेजर, २,००० ते १०,००० असेल तर मीडियम आणि त्याहून कमी असेल तर मायनर.

आता या शब्दांचं मूळ बघा. लॅटिनमध्ये 'मॅग्नुस' म्हणजे मोठा. आपला 'मॅग्निट्यूड' त्याच कुळातला. 'मॅग्नुस'चं तुलनावाचक रूप 'मायोर', म्हणजे अधिक मोठा. त्यावरून मेजर आला. 'मिनोर' म्हणजे अधिक लहान. दोन्ही शब्दांत 'पेक्षा' दडलेलं आहे. मराठीत आपण 'मोठे' आणि 'लघु' केलं नि ते 'पेक्षा' गळून पडलं. मग लहानपणा हा तलावाचा अंगचा गुणच वाटायला लागतो.

व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे, हे खरं. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो. पण विसरलेला प्रश्न ती आठवून देते.

पवनी तालुक्यातलं वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण मेजर. कोहळी समाजानं बांधलेले अनेक तलाव मात्र साखळीत आहेत. वरच्याच्या सांडव्याचं पाणी खालच्यात उतरतं. एकेक मोजला तर प्रत्येक मायनर. पण साखळीच एकक धरली तर? शिवाय ढिवरांची मासेमारी, गुरांचं पाणी, आजूबाजूच्या विहिरी या पट्टीत येतच नाहीत.

वर्गीकरण टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. निधी आणि खातं ठरवायला ते कामाचं आहे. चूक होते ती प्रशासनाची सोय आपण संशोधनाचा निष्कर्ष म्हणून छापतो तेव्हा. 'मायनर' म्हणून एखादा तलाव सॅम्पलमधूनच गळला, तर त्यावर जगणारी माणसंही गळतात.

म्हणून प्रपोजल देण्याआधी एक काम करा. 'मोठा', 'लहान', 'लक्षणीय' हे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे लिहा: काय मोजलं, कोणत्या एककात, कशाच्या तुलनेत. उत्तर नसेल तर शब्द खोडा.

माझं वाक्य आता असं आहे: 'लाभक्षेत्राच्या निकषावर, प्रत्येक तलाव सुटा मोजल्यास, हे तलाव लघु ठरतात.' वाक्य लांबलं खरं, पण आता ते तपासता तरी येतं.