कदाचित मजकुराचं चित्र

सोशल मीडियावरच्या मराठी कवितेला सध्या बहुधा सगळ्यात जास्त वेळा मिळणारा अभिप्राय एका यंत्राचा आहे आणि तो इंग्रजीत आहे: ‘मे बी ॲन इमेज ऑफ टेक्स्ट’. म्हणजे, कदाचित हे मजकुराचं चित्र असावं.

कवीने कवितेचं सुंदर कार्ड बनवून इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर टाकलं आणि त्याला स्वतः वर्णन जोडलं नाही, की यंत्र आपल्या अंदाजाने वर्णन लावून मोकळं होतं. कधी पुढे चार शब्द ओळखून दाखवतं, कधी तेवढ्यावरच थांबतं. डोळ्यांनी वाचणाऱ्यांना हे वर्णन दिसतही नाही. पण ज्यांचा फोन त्यांना वाचून दाखवतो, त्यांच्यापर्यंत कवितेतलं तेवढंच पोचतं. हा लेख म्हणजे त्या एका वाक्याची समीक्षा आहे. ते वाक्य चुकीचं नाही, उलट तंतोतंत बरोबर आहे, आणि अडचण तीच आहे.

वाचक कसा वाचतो

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्ही 2009 पासून आहेत. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्याचं काम 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलं. या सगळ्यांना स्क्रीन रीडर म्हणतात. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की उघडते. सरावलेला माणूस इतक्या वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्याला नुसती कुजबुज वाटावी.

स्क्रीन रीडरला पान दिसत नाही. पानाच्या मागे जे लिहिलंय ते तो वाचतो. त्यामुळे त्याच्याइतका प्रामाणिक वाचक दुसरा नाही. बटणावर भिंगाचं चित्र आहे पण मागे नाव दिलेलं नाही, तर तो नुसतं ‘बटण’ म्हणतो. वेबसाइटवरच्या लिंक एकामागोमाग ऐकायला लागलं, तर ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’ असं दहा वेळा ऐकू येतं. कशाबद्दल अधिक, ते कुणीच सांगत नाही. डोळ्यांना शेजारचा मथळा दिसतो म्हणून आपल्याला हे गद्य खपून जातं. ऐकलं की कळतं, हे वाईट गद्य आहे.

वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पहिली आवृत्ती 1999 ची, सध्याची 2.2 ही ऑक्टोबर 2023 ची. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटींची मुखपृष्ठं तपासते. 2024 मध्ये त्यांतल्या 95.9 टक्के पानांवर या तत्त्वांच्या चुका सापडल्या. सगळ्यात जास्त आढळलेली चूक होती फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षरं. हा नियम अंध वाचकापुरता नाही. चाळिशी लागलेले काका, उन्हात उभं राहून फोन बघणारा डिलिव्हरीवाला आणि पांढऱ्यावर बेबी पिंक अक्षरांत छापलेली प्रेमकविता, सगळे त्यात येतात.

उलटा प्रवास

आता कवितेच्या कार्डाकडे वळू. कवी फोनवर मराठी कीबोर्डने कविता टाइप करतो. त्या क्षणी ती मजकूर असते: युनिकोडमधली अक्षरं, जी शोधता येतात, मोठी करता येतात, ऐकता येतात, ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचता येतात. मग तो ती एखाद्या डिझाइनच्या ॲपमध्ये चिकटवतो, मागे पावसाचा फोटो लावतो आणि जेपीजी काढतो. अक्षरं संपली, उरले रंगीत ठिपके. मग हे ठिपके बघून यंत्राने अंदाज करायचा की इथे बहुतेक काहीतरी लिहिलेलं असावं.

‘आता एआय आहे, ते चित्र वाचून दाखवेल’ असं उत्तर यावर हमखास येतं. खरंय, वाचून दाखवतं, आणि दिवसेंदिवस चांगलं दाखवतंय. पण कवीच्या हातात असलेला अचूक मजकूर फेकून द्यायचा आणि मग तोच मजकूर यंत्राला ओळखायला लावायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कवितेत एक वेलांटी चुकली तर अर्थ फिरतो, ओळ कुठे तुटली यावर लय ठरते. आपण प्रुफं तपासताना ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो आणि वाचकांच्या एका गटाला मात्र अंदाजपंचे प्रत देतो.

हा आजार नवा नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये बसवला जायचा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. फाँट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा दिसत नसलेल्या वाचकाला ऐकू येतं ‘ईजेकेबीएच’. अशा फाँटमधल्या आणि स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफ आजही ढिगाने फिरतात. दिवाळी अंकाचा अख्खा स्कॅन म्हणजे शे-दोनशे चित्रं. आपण पुरवणीत ‘डिजिटल झालो’ म्हणून लिहिलं, पण बऱ्याचदा आपण फक्त कागदाचा फोटो काढला होता.

‘ग्यानेश्वर’

समजा, मजकूर युनिकोडमध्ये आहे. तरी वेबपानाच्या सुरुवातीला ते कोणत्या भाषेत आहे ते सांगणारा एक छोटा कोड असतो. मराठीसाठी ‘एमआर’. तयार टेम्प्लेट उचललं की तिथे इंग्रजीचा किंवा हिंदीचा कोड तसाच राहतो. फोनचा आवाज मग त्या खोट्या पत्त्यावर विसंबतो. हिंदी आवाजाने मराठी वाचलं की ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ होतात. चाकातला आणि चिमणीतला च वेगळा असतो हे तर त्या आवाजाच्या गावीही नसतं.

इथे गंमत अशी की मराठी आवाज असला तरी पेच संपत नाही. ‘जरा’ म्हणजे थोडंसं की म्हातारपण, हे आपली लिपी सांगत नाही. वाचणारा संदर्भाने ज बदलतो. यंत्राला हे शिकवायचं तर मराठीवर मुद्दाम काम करणारी माणसं हवीत. मराठीला अभिजात दर्जा 2024 मध्ये मिळाला. तिचे दोन ज वेगळे म्हणता येणारा आवाज प्रत्येक फोनमध्ये असणं, हेही भाषेच्या श्रीमंतीतच मोजायला हवं.

दोन ओळींचा साहित्यप्रकार

चित्राला जोडायच्या वर्णनाला आमच्या धंद्यात ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. तो भरायचा म्हणून भरायचा रकाना समजला जातो. माझ्या मते तो लेखनाचा प्रकार आहे आणि त्यातही बरं-वाईट असतं.

समजा, एका कथेसोबत रेखाटन आहे. त्याचं वर्णन ‘चित्र’ असं दिलं, तर ते न दिल्यासारखंच. ‘एकाकी, जगाने टाकलेली म्हातारी’ हे त्याहून वाईट, कारण कथेने हळूहळू सांगायची गोष्ट ते आधीच फोडून टाकतं आणि वाचकाने काय वाटून घ्यायचं तेही ठरवतं. ‘एसटी स्टँडच्या बाकावर बसलेली म्हातारी. मांडीवर पिशवी, नजर रिकाम्या फलाटाकडे’ हे चांगलं. जे दिसतं तेवढंच, पण काय निवडायचं ते लिहिणाऱ्याने ठरवलंय. आणि चित्र नुसतीच वेलबुट्टी असेल तर नियम सांगतो: वर्णन मुद्दाम रिकामं ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जाईल. कुठे गप्प बसायचं हेही लिहावं लागतं.

यावरचा खरा, विचार करायला लावणारा आक्षेप वेगळा आहे. काही कवितांचं दिसणं हाच त्यांचा अर्थ असतो. त्यांचं काय? इथे र. कृ. जोशी आठवतात. मुंबईचे सुलेखनकार, मराठीत अक्षरांच्या आकारातून दृश्य कविता करणारे कवी. विंडोजमध्ये देवनागरीसाठी आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँटही त्यांचाच. म्हणजे अक्षराला चित्र करणारा आणि अक्षराला कॉम्प्युटरवर अक्षर म्हणून उभं करणारा माणूस एकच. दोन्हींत भांडण नाही. दृश्य कविता जरूर करा, पण तिच्या आकाराचं दोन ओळींत वर्णन करून तिचे शब्द खाली द्या. त्या वर्णनात कविता पुरी येणार नाही. भाषांतरातही येत नाही, म्हणून आपण भाषांतरं थांबवत नाही. आणि कार्डांवरच्या शंभरातल्या नव्वद कविता दृश्य कविता नसतातच. त्या साध्या कविता असतात, मागे पाऊस असतो.

‘असे वाचक आहेतच किती?’

आयटीत हा प्रश्न अनेकदा ऐकू येतो. एका मीटिंगमध्ये, कंपनीचं नाव नको, कुणीतरी डॅशबोर्ड दाखवून म्हणालं की आपलं ॲप स्क्रीन रीडरवाले वापरतच नाहीत. लॉगिनच्याच बटणाला नाव नव्हतं. वापरणार कसे? मग ते टिकिट बॅकलॉगमध्ये गेलं. बॅकलॉग म्हणजे आमच्याकडची अडगळीची खोली.

2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या 29 लाखांहून अधिक महाराष्ट्रात. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या बायकांना केवायसीसाठी ॲप ‘डोळे मिचकावा’ म्हणत होतं. ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत, त्यांनी आपण जिवंत आहोत हे मशीनला पटवायचं कसं? एका अंध व्यक्तीची याचिकाही त्यासोबत ऐकली गेली. न्यायालयाने वीस निर्देश दिले.

बँकांना कोर्ट सांगेल. छापील पुस्तकांसाठीही वाट आहे: 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सुलभ प्रतींना मुभा मिळाली, 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय सुरू झालं. मराठीत तर ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक 2008 पासून आहे. पण काल रात्री पडलेल्या कवितेसाठी, आज सकाळी व्हायरल झालेल्या कार्डासाठी कुठलीच संस्था धावून येणार नाही. ते काम पोस्ट करणाऱ्यालाच करावं लागेल. आणि आपल्या वयाचं मराठी वाचन आज बरंचसं तिथेच होतं.

विदर्भातल्या गुलाबराव महाराजांची (1881–1915) दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवले. ग्रंथ वाचायचे तर त्यांना दुसऱ्याचे डोळे लागायचे, कुणीतरी शेजारी बसून वाचायला हवं. आजच्या अंध मुलीच्या खिशात तो वाचणारा चोवीस तास बसलेला आहे. न थकता, न कंटाळता तो वाचायला तयार आहे. आपण त्याच्या हातात फोटो ठेवतो.

करायचं काय, ते अजिबात अवघड नाही. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा. हातवारे बदलतात, घाबरू नका, दोनदा टॅप हे लक्षात ठेवा. डोळे मिटून आवडत्या वेबझिनवरचा एक लेख शेवटपर्यंत ऐका. हाच ऐकलात तरी चालेल, आणि अडलात तर संपादकांना कळवा. मग आपलं शेवटचं कवितेचं कार्ड उघडा, ‘एडिट’ दाबा आणि कॅप्शनमध्ये ती कविता चिकटवा. नोट्समध्ये ती अजून असेलच.