लॅप स्टील गिटारची स्वरजुळणी : निदान आणि निवड

ध्वनिमुद्रणावरून लॅप स्टील गिटारची स्वरजुळणी ओळखताना अभ्यासक बहुधा धुनेतील सुटे स्वर टिपतात. ही पद्धती अपुरी आहे. सुटा स्वर अनेक तारांवर काढता येतो. त्यावरून जुळणीविषयी फारसे सिद्ध होत नाही. खरा पुरावा एकत्र छेडलेल्या तारांच्या मींडेत असतो. पोलादी कांडी सरळ धरली असता सर्व तारांची लांबी एकाच प्रमाणात घटते. त्यामुळे जुळणीत असलेला स्वरसंघच वरखाली सरकतो, नवा निर्माण होत नाही.

हवाईतील जुन्या ए मेजर जुळणीत ए, सी शार्प व ई एवढेच स्वर आहेत. सरळ कांडीने तीत मायनर स्वरसंघ मिळणे अशक्य. सी-सिक्स्थ जुळणीत मात्र (खालून वर : सी, ई, जी, ए, सी, ई) खालच्या तीन तारांवर सी मेजर व वरच्या तीन तारांवर ए मायनर सिद्धच असतो.

कांडी तिरपी धरून ही उणीव भरता येते, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु पडद्यांच्या खुणांमधील अंतर वर जाताना घटते, म्हणून तिरपेपणा सतत बदलावा लागतो. तेव्हा मायनर स्वरसंघाची दीर्घ व निर्दोष मींड ऐकू आल्यास ए मेजरचे अनुमान सोडणेच युक्त.

निवडीचा निकषही हाच. सी-सिक्स्थला सरसकट श्रेष्ठ मानणे योग्य नव्हे : तिच्या सहाही तारा एकदम छेडल्यास शुद्ध मेजर स्वरसंघ मिळत नाही, ए मेजरमध्ये तो सहज मिळतो. रचनेला कोणता स्वरसंघ अखंड सरकवायचा आहे, हे आधी ठरवावे, जुळणी त्यानंतर.