राक्षस दिसतो छान, पण लढतो कसा?

मंगळवार पेठेत बसून शत्रूबद्दल बोलायचं म्हणजे शाहू महाराजांचं खासबाग मैदान आठवणारच. एकेरी पट काढायला येणारा पैलवान आधी खांदा खाली घेतो, वजन पुढं आणतो. कसलेल्या गड्याला तेवढ्यात कळतं. हरला तरी तो म्हणतो, "दिसलं होतं, पण उशीर झाला." व्हिडिओ गेममधल्या शत्रूकडून माझी अपेक्षा एवढीच. मी हरावं, पण का हरलो ते मला कळावं.

आता 'राजी' घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० साली आलेला. सर्कशीत कसरती करणारी मुलगी, भाऊ गोलूला राक्षसांनी पळवलेलं, हातात दुर्गेनं दिलेला त्रिशूळ. गोष्ट सांगायला छायाबाहुल्या, महाल राजस्थानी वळणाचे. डोळ्यांचं पारणं फिटतं, वादच नाही. आणि लढण्यात एक फार चांगली कल्पना आहे: राजी भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेते आणि तिथूनच वार करते. आपल्याला मल्लखांबच आठवतो.

तक्रार आहे ती राक्षसांबद्दल. त्यांच्यामुळे मला खांबाकडे जावंच लागलं, असं क्वचितच झालं. ते समोरून आले, मी बाजूला झालो, चार वार केले, संपलं. पुढच्या चौकात पुन्हा तेच. रूपं वेगळी, स्वभाव बराचसा एकच.

लहान स्टुडिओकडे पैसा नसतो, मान्य. पण १९८० चा 'पॅक-मॅन' आठवा. चार भुतं, आकार तोच, रंग तेवढे निराळे. लाल भूत सरळ पाठीला लागतं. गुलाबी मात्र तुमचं तोंड जिकडे आहे तिकडची पुढची जागा धरायला जातं. दोघांच्या मध्ये तुम्ही कधी सापडलात ते कळत नाही. चित्र एक, शत्रू चार! नवा राक्षस घडवून हलता करायला भरपूर वेळ जातो. स्वभाव त्या मानानं स्वस्तात मिळतो. (स्वस्त म्हणजे सोपा नव्हे, बरं का.) 'राजी'नं महागडं काम मन लावून केलं आणि हे राहून गेलं, याची मला हळहळ वाटते.

मघाशी इथल्याच एका मुलानं त्याच्या गेमसाठी काढलेले अकरा राक्षस दाखवले. शिंगं, सुळे, सगळं झकास. मी विचारलं, "यातला भित्रा कोण?" तो नुसता हसला. त्याला म्हटलं, दोन दिवस रंग बाजूला ठेव, अकराही जणांचे साधे चौकोन कर आणि मित्राला खेळायला दे. कोण कुठला ते त्याला चालीवरून ओळखू आलं, की मग लाव शिंगं.